काटेबाईंचा सतरा नंबर

सतरा नंबरच्या झुडपाची एक फांदी कुणीतरी कापून नेली आहे हे काटेबाईंच्या लक्षात आले तेव्हा सकाळचे सात वाजले होते आणि त्यांच्या हातात चहाचा कप होता. कप त्यांनी तसाच कुंपणाच्या खांबावर ठेवला, चष्मा पुसला आणि खाली वाकून काप बघितला. काप तिरका होता. बाहेरच्या बाजूला तोंड केलेल्या डोळ्याच्या, म्हणजे कोंब फुटायच्या जागेच्या, वर बरोबर पाव बोट. साल कुठे चिरडलेली नाही, धागा लोंबत नाही. शेळीचे हे काम नव्हते. रोज फिरायला जाताना फुले तोडणाऱ्या बाईचेही नव्हते, कारण ती फांदी पिरगळते आणि अर्धी साल सोलून ठेवते. ज्याने हे केले त्याला गुलाब कळत होता.

"वन्सं," त्यांनी घराकडे तोंड करून हाक मारली, "काल दुपारी तुम्ही घरातच होतात ना?"

"होते," आतून नणंदेचा आवाज आला. "आता काय गेलं?"

हा 'आता काय गेलं' फार जुन्या सवयीतून आलेला होता. या घरातून आजवर पाण्याची झारी, एक खुरपे, दोन कुंड्या आणि दारातली पायपुसणी एवढ्या वस्तू काटेबाईंच्या मते चोरीला गेल्या होत्या आणि पायपुसणी सोडून सगळ्या घरातच सापडल्या होत्या. पायपुसणीबद्दल त्यांचे मत अजून बदललेले नव्हते.

काटेबाई हे त्यांचे आडनाव नव्हे. वजनमापे खात्यात त्या तेहेतीस वर्षे निरीक्षक होत्या. त्या कचेरीत निरीक्षकाच्या खुर्चीवर बसलेली ती पहिलीच बाई. पितळी वजनांची पेटी घेऊन त्या दुकानोदुकानी जात, तराजू समोर ठेवून घेत, आणि काटा मधोमध उभा राहीपर्यंत दुकानदाराशी अवाक्षर बोलत नसत. आल्या की गल्लीच्या या टोकाचा दुकानदार त्या टोकाच्या दुकानदाराला खोकून दाखवत असे. त्या खोकल्याचीही त्यांनी दखल घेतली होती. ज्या गल्लीत जास्त खोकला, तिथे तपासणी आधी उलट्या टोकाकडून सुरू. काटेबाई हे नाव दुकानदारांनी ठेवले. निवृत्तीनंतर अंगणात गुलाब आले आणि नव्या शेजाऱ्यांना वाटू लागले की नाव गुलाबांवरूनच पडले असावे. बाईंनी कुणाची समजूत दुरुस्त केली नाही.

नवरा कॉलेजच्या प्रयोगशाळेत मदतनीस होता. नाकासमोर चालणारा, शांत माणूस. त्याच्यावर संशय घ्यायला कधी जागाच मिळाली नाही, अशी बाईंची गमतीने केलेली तक्रार असे. तो गेला त्याला बारा वर्षे झाली. त्यानंतर त्याची थोरली बहीण राहायला आली. ती टेलिफोन खात्यात होती. आयुष्यभर लोकांचे फोन जोडून दिल्यामुळे असेल, तिला प्रत्येक माणूस कुणाशी तरी बोलू पाहणारा, बिचारा वाटे. एका घरात एक बाई कुणावर विश्वास न ठेवणारी आणि दुसरी सगळ्यांवर ठेवणारी. दोघींचे छान चालले होते.

गुलाबांची सुरुवातही एका संशयानेच झाली. निवृत्तीच्या वर्षी बाईंनी बाजारातून एक रोप आणले. चिठ्ठीवर पिवळ्या गुलाबाचे मोठे भारदस्त नाव होते. फुलला तेव्हा गुलाबी. त्या रोप घेऊन परत गेल्या. विकणारा म्हणाला, "चिठ्ठी बदलली असेल हो, होतं असं. फूल आलं ना?"

फूल आलं ना. हे वाक्य बाईंच्या डोक्यात बसले ते बसलेच. एवढी वर्षे त्यांनी किलोला किलो म्हणायला लावले होते, आणि इथे एक अख्खा धंदा असा होता की पिवळ्याला गुलाबी म्हटले तरी कुणाचे काही अडत नव्हते. घरी येऊन त्यांनी चिठ्ठी फाडली, जस्ताच्या पट्टीवर खिळ्याने 'एक' कोरले आणि ती पट्टी रोपाला बांधली. मग त्या नाव हरवलेले गुलाब शोधू लागल्या. पाडायला काढलेल्या घरांची परसे, बंद कारखान्यांची फाटके, विहिरींचे काठ. जिथे एखादे झुडूप वर्षानुवर्षे कुणी न लावल्यासारखे उभे असे, तिथून त्या काडी आणत, अंगणात जगवत आणि नंबर देत. बारा वर्षांत तेवीस झाले. प्रत्येकाचे एक पान वहीत. वहीत तीन रकाने: दावा, पुरावा, संशय. पानाला पर्णिका किती, काटा सरळ की वाकडा, कळीखालची हिरवी पाने केसाळ की गुळगुळीत, फूल एकदा येते की वर्षभर, वास सकाळी आणि दुपारी वेगळा येतो का. तेवीसपैकी नऊ गुलाबांची नावे त्यांनी खात्रीने शोधून काढली होती. खात्रीने म्हणजे ज्ञात रोप शेजारी लावून, दोन मोसम दोघांना जोडीने पाहून. तोवर कुणाच्याही तोंडी सांगण्याला त्यांच्या लेखी किंमत नव्हती.

सतरा नंबर हा त्यांचा जीव की प्राण होता. क्षयरोग्यांचा एक जुना दवाखाना बंद पडला होता, त्याच्या आवारातून त्यांनी तो मुळासकट, मातीच्या गोळ्यासह उकरून आणला होता. काडी लागेल याचा भरवसा वाटला नाही म्हणून मुळासकट. आठ वर्षांत तो कुंपणाच्या वर गेला. वर्षातून एकदाच, थंडी सरता सरता फुले, तेही तीनच आठवडे. पण फुलला की शिंपल्याच्या आतल्या अंगासारख्या फिक्या रंगाचे नऊ-नऊ, अकरा-अकरा फुलांचे घोस. सफरचंदाची साल नुकती काढल्यासारखा वास. चार पुस्तकांत तो सापडला नाही. बाईंनी वाळवलेले फूल आणि दोन पाने एका गुलाबप्रेमी मंडळाला पाठवली. उत्तर आले: वाण अपरिचित, कदाचित दुर्मीळ, जपावे. त्या दिवसापासून बाईंची झोप हलकी झाली. दुर्मीळ म्हटले की डोळा ठेवणारे आले.

आणि आता हा काप.

पहिला संशय शेजारच्या दातांच्या डॉक्टरवर. त्याने सतरा नंबरचे दोनदा कौतुक केले होते. एकदा करणे समजू शकते. दोन दिवस बाई कपडे वाळत घालण्याच्या निमित्ताने गच्चीवर गेल्या आणि त्याच्या कुंड्या मोजून आल्या. कुंड्यांत कोरफड होती, फक्त कोरफड. दुसरा संशय टपाल टाकणाऱ्यावर, कारण तो फाटक उघडून आत येतो. पण टपालवाल्याच्या बोटांना गुलाबाची भीती वाटते हे त्यांनी त्याच दिवशी, मुद्दाम पत्र फांद्यांमधून द्यायला लावून, तपासून पाहिले. तिसऱ्या दिवशी जेवताना नणंद सहज म्हणाली, "वहिनी, फांदीवरून आठवलं. त्याच्या आदल्या दुपारी तुम्ही दवाखान्यात गेला होतात ना, तेव्हा एक गृहस्थ आले होते. फूल घेऊ का एखादं म्हणाले. घ्या म्हटलं."

बाईंनी घास खाली ठेवला. "नाव काय त्यांचं?"

"विचारलं नाही."

"दिसायला कसे होते?"

"सभ्य."

"सभ्य हे वर्णन झालं का वन्सं? उंच, ठेंगणे, चष्मा, मिशी?"

"वहिनी, मी टेलिफोनवर चाळीस वर्षं होते. माणसाचा आवाज विचारा. आवाज थकलेला होता, पण मनात काहीतरी घेऊन आलेला."

"मनात काय असणार," बाई म्हणाल्या, "हातात छाटणीची कात्री होती की चाकू ते महत्त्वाचं."

तो कोण हे समजायला त्यांना फार थांबावे लागले नाही. दुसऱ्याच दिवशी सकाळी तो गृहस्थ पुन्हा फाटकाशी उभा राहिला. पन्नाशी ओलांडलेला, इस्त्रीचा शर्ट, पण नखांच्या कडांत माती. ती माती साबणाने जात नाही हे बाईंना स्वतःच्या नखांवरून ठाऊक होते.

"मॅडम, पाण्याच्या टाकीमागची नर्सरी आमची," तो म्हणाला. "चार दिवसांपूर्वी तुमच्याकडचं एक फूल नेलं. त्याबद्दल बोलायचं होतं."

"फूल नेलंत की फांदी?"

त्याने कुंपणावरच्या कापाकडे पाहिले.

"वीतभर फांदी," बाई म्हणाल्या. "पुढे बोला."

त्याने जे सांगितले ते असे. त्याच्या वडिलांनी पस्तीस वर्षांपूर्वी बी पेरून एक नवा गुलाब तयार केला होता. फिका, घोसांनी येणारा. नाव ठेवायच्या आधीच नर्सरीची भिंत कोसळली आणि झुडूप गाडले गेले. वडील त्याबद्दल अधूनमधून बोलत. त्या दिवशी रस्त्याने जाताना त्याला कुंपणावर हे घोस दिसले आणि तो जागच्या जागी थांबला. वडिलांच्या नावाने हा गुलाब पुन्हा बाजारात आणावा, नर्सरीलाही त्यामुळे बरे दिवस येतील, अशी त्याची इच्छा होती. मॅडमनी काड्या द्याव्यात.

गोष्ट गोड होती. बाईंना गोड गोष्टींचा अनुभव होता. लबाड तराजूला नेहमी चकचकीत साखळी असायची. शिवाय टाकीमागची नर्सरी म्हटल्यावर त्यांच्या मनात एक जुनी पाल चुकचुकली होती.

त्या नर्सरीचा तराजू त्यांनीच जप्त केला होता. तिथे बियाणे आणि हाडांचे खत वजनावर विकत. तराजू खोटा होता, पण उलटा खोटा. दर तोलण्यामागे गिऱ्हाइकाला चाळीस ग्रॅम जास्त जात होते. साऱ्या नोकरीत असा तराजू त्यांना एकच भेटला. नियमाप्रमाणे कमी काय नि जास्त काय, खोटे ते खोटे. त्यांनी तो उचलला. नर्सरीचा मालक एक शब्द बोलला नाही. पण कुणी आपल्या पदरचे उगाच देईल हे बाईंना पटेना. कुठेतरी पाणी मुरत असणार म्हणून पुढच्या वर्षात त्या तीनदा न सांगता तिथे जाऊन आल्या. काही सापडले नाही. न सापडल्यामुळे संशय अधिकच पक्का झाला.

"तुमच्या वडिलांनी ही फांदी पाहिली?" त्यांनी विचारले.

उत्तराला थोडा वेळ लागला. तो वेळ बाईंनी मनात टिपून ठेवला.

"त्यांना आता दिसत नाही मॅडम. सहा वर्षं झाली. वास घेतला त्यांनी. छान आहे म्हणाले."

"छान आहे म्हणणं वेगळं आणि माझं आहे म्हणणं वेगळं."

"वय झालंय. लगेच आठवत नाही त्यांना."

"मग आठवायला वेळ देऊ," बाई म्हणाल्या. "रविवारी सकाळी दहाला त्यांना घेऊन या. काड्यांचं त्यानंतर बघू."

रविवारी सकाळी बाईंनी ओसरीवर टेबल मांडले आणि त्यावर पाच बाटल्यांत पाच गुलाबांच्या फांद्या ठेवल्या. दोन, पाच, नऊ, चौदा आणि वीस. नणंद चहाची तयारी करता करता बाहेर डोकावली आणि बाटल्या मोजून थबकली.

"यात सतरा कुठाय?"

"नाहीये."

"म्हणजे?"

"म्हणजे ते कुठल्याही बाटलीला माझा म्हणाले, तर दावा खोटा."

"वहिनी, आंधळ्या माणसाला असं फसवायचं?"

"फसवत नाही, तपासते. चुकीचं वजन टाकून बघितल्याशिवाय तराजू खरं बोलतो की नाही ते कळत नाही."

"माणूस आहे तो. तराजू नाही," नणंद म्हणाली आणि आत जाऊन भांडी जरा जोरात ठेवू लागली.

दहाला पाच मिनिटे असताना दोघे आले. म्हातारा चौऱ्याऐंशीचा, अंगाने वाळका, पण हात मात्र त्या अंगाचे वाटत नव्हते. पंजे रुंद, उजव्या अंगठ्याच्या पेरावर चाकूने वर्षानुवर्षे पाडलेली कठीण गादी. मुलाने त्याला खुर्चीत बसवले. बाई "या, बसा" म्हणाल्या आणि म्हातारा मान तिरकी करून ऐकत राहिला.

"तुम्ही माझा काटा नेलात बाई," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता, ओळख होती.

"जप्त केला होता."

"तेच ते."

दारात उभी असलेली नणंद माणसाने केवळ आवाजावरून माणूस ओळखला म्हणून एकदम त्याच्या बाजूची झाली.

बाईंनी एकेक बाटली त्याच्या हाताशी दिली. त्याने फुलाला नाक लावण्याआधी फांदी चाचपली, पान दोन बोटांत घेऊन उलटे केले, काट्याच्या टोकावर अंगठा ठेवला. दोन नंबरला म्हणाला, "हा बाजारचा लाल. उन्हात काळवंडतो." बरोबर होते. पाच नंबरला म्हणाला, "हा शाळेच्या बागेत लावायला नेला होता आमच्याकडून, बारा रोपं." बाईंना पाच नंबर एका शाळेच्या मागच्या उकिरड्यावरच सापडला होता आणि त्याच्यावर त्या चार वर्षे अडून बसल्या होत्या. त्यांनी चेहऱ्यावर काही दिसू दिले नाही, मग आठवले की समोरच्याला दिसत नाही, आणि उगाचच ओशाळल्या. नऊ आणि चौदा त्याला माहीत नव्हते. माहीत नाही असे त्याने सरळ सांगितले. वीस नंबर हातात बराच वेळ धरला. मुलगा खुर्चीच्या कडेवर आला.

"नाही," म्हातारा म्हणाला. "यात मी पेरलेला एकही नाही."

"बाबा, घाई करू नका," मुलगा म्हणाला. "तिसरा परत एकदा बघता का? वास घ्या नीट."

"परत बघितला म्हणून तो माझा होईल का?"

मुलाचा चेहरा पडला. त्याला फिका घोस या पाचांत दिसत नव्हता, आणि तरी त्याने तिसरा म्हटले होते. बाईंनी हे पाहिले. मुलावरचा त्यांचा संशय तिथल्या तिथे सिद्ध झाला, पण नेहमी वाटायचे तसे समाधान वाटले नाही. म्हाताऱ्याने तिसऱ्यावर हक्क सांगितला असता तर सगळे सोपे झाले असते.

"सतरा नंबर अंगणात आहे," त्या म्हणाल्या. "चला, दाखवते."

त्याचा हात आपल्या खांद्यावर घेऊन त्यांनीच त्याला पायऱ्या उतरवल्या. कुंपणाशी नेऊन एक घोस त्याच्या हातात दिला. त्याने वास घेतला. एकदा, दोनदा.

"पोरानं आणलेला हाच ना? चांगला आहे. पण हे फूल मला माहीत नाही बाई. माझा गुलाब याहून मोठा होता, आणि त्याला वास नव्हता. पोराला मी तेव्हाच सांगितलं."

बाईंनी मुलाकडे पाहिले. मुलगा फाटकाकडे पाहत होता.

प्रकरण तिथेच मिटायचे. पण मागे वळताना म्हाताऱ्याचा तोल किंचित गेला, त्याने आधाराला हात टाकला तो नेमका झुडपाच्या बुडाशी, जुन्या लाकडावर. हात तिथेच थांबला. मग तो हळूहळू खाली बसला. अंगठा बुंध्यावरून वर सरकला, एका डोळ्यापासून दुसऱ्या डोळ्यापर्यंतचे अंतर मोजल्यासारखा, पुन्हा खाली आला.

"चाकू आहे का?"

बाईंनी लगेच चाकू दिला नाही. आठ वर्षे वाढवलेल्या झाडाशी, दृष्टी नसलेल्या माणसाच्या हाती, तेही ज्याच्या पोराने फांदी पळवली होती. "कशाला हवाय?" त्यांनी विचारले.

"साल बघायचीय. नखाएवढीच."

नणंदेने स्वयंपाकघरातली सुरी आणून त्याच्या हातात ठेवली. त्याने बुंध्यावर उभी बारीक चीर दिली आणि सुरीच्या पाठीने साल उचलली. साल ओल्या कागदासारखी अलगद सुटली. म्हातारा हसू लागला. आवाज न करता, नुसते खांदे हलवत.

"काय झालं?" बाई म्हणाल्या.

"अहो बाई, हा तर खुंट आहे."

मुलगा जवळ आला. "खुंट कसा असेल बाबा?"

"पन्नास वर्षं याच्यावर डोळे भरले मी. साल अशी फक्त यालाच सुटते. मला हात लावून कळणार नाही?" मग त्याने बाईंकडे, म्हणजे बाईंच्या आवाजाच्या दिशेने, तोंड केले. "नाजूक गुलाब स्वतःच्या मुळावर धड वाढत नाहीत. म्हणून खाली असा दणकट रानटी लावायचा, त्याच्या सालीत चांगल्या गुलाबाचा डोळा बसवायचा, डोळा फुटला की वरचा खुंट छाटून टाकायचा. खाली हा, वर तो. गावातल्या निम्म्या गुलाबांच्या खाली हाच आहे. आणि याची काडी मिळावी म्हणून आम्ही दरवर्षी वाफा जमिनीसपाट कापायचो. हा जुन्या लाकडावर फुलणारा दिसतोय. त्याला जुनं होऊच दिलं नाही, तर फुलणार कसा? मला वाटायचं याला फूलच येत नसेल." तो थोडा थांबला. "किती असतात एका घोसात?"

"नऊ ते अकरा," बाई म्हणाल्या.

त्याने पुन्हा एकदा वर हात करून घोस चाचपला आणि या वेळी नाक लावून बराच वेळ तसाच राहिला.

बाईंच्या तोंडातून निघाले ते नेहमीचेच. "हे कशावरून म्हणता? पुरावा काय?"

"बरोबर आहे तुमचं," म्हातारा म्हणाला. "मी म्हणतो म्हणून लिहू नका. नर्सरीच्या मागच्या अंगाला जुना वाफा अजून आहे. काड्या न्या, शेजारी लावा, फुलू द्या. दोन वर्षं लागतील."

ते गेल्यावर नणंद चहा घेऊन आली. बाई पायरीवर बसून होत्या. "दुर्मीळ म्हणाले होते," त्या म्हणाल्या. "निम्म्या गावाच्या गुलाबांखाली आहे म्हणे."

"पण फुललेला कुणी बघितला होता?" नणंद म्हणाली.

त्या दुपारी बाईंनी खुरपे घेऊन सतरा नंबरच्या बुडाची माती हाताने मोकळी केली. चार बोटे खाली त्यांना एक गाठ लागली, सुपारीपेक्षा मोठी, आणि गाठीतून वर आलेले एक वाळलेले थोटूक. दवाखान्यात कुणी हौसेने लावलेला गुलाब हाच असावा. वरचा मेला आणि खालचा वर आला. आठ वर्षे हा पुरावा मातीखाली होता आणि त्यांनी कधी उकरून पाहिले नव्हते, कारण ज्या झाडावर आपला जीव आहे त्याच्यावर संशय घ्यावा असे त्यांना सुचलेच नव्हते. हे त्यांना फार लागले. रात्री त्या जेवल्या नाहीत.

मंगळवारी त्या स्वतः नर्सरीत गेल्या. मुलगा काड्या कापून द्यायला आला तेव्हा "तुम्ही राहू द्या" म्हणाल्या. गवताने भरलेल्या वाफ्यात गुडघ्यावर बसून त्यांनी स्वतः सहा काड्या निवडल्या. मुलगा बाजूला उभा राहिला.

"मॅडम, मी खोटं नाही बोललो," तो थोड्या वेळाने म्हणाला. "मला खरंच तो बाबांचा वाटला. वाटावा असं वाटत होतं म्हणून असेल."

"बाबा नाही म्हणाले ते लपवलंत."

"लपवलं," तो म्हणाला. बाईंना त्याचे एवढे एक वाक्य आवडले.

म्हातारा शेडमध्ये पत्र्याला पाठ टेकून बसला होता. बाई निघताना त्याच्यापाशी थांबल्या. तीस वर्षे घशात अडकलेले त्यांनी विचारले. "तुमचा तराजू जास्त का देत होता?"

"वजनाच्या पारड्याची कड फुटली होती. बायकोनं खालून मेण आणि पत्रा लावून सांधली. तेवढं ते पारडं जड झालं. माझ्या ध्यानात आलं तोवर लोक म्हणायला लागले होते की यांच्याकडचं खत पुरतं. मग राहू दिलं."

"मग मला तेव्हा सांगितलं का नाहीत?"

"तुम्ही विचारलं नाहीत बाई. तुम्ही लिहीत होतात."

घरी येताना बाई पूर्ण रस्ता पायी आल्या. मेण आणि पत्रा हे खरे की रचलेले, हे तपासायला आता तराजू शिल्लक नव्हता. तपासता न येणारी गोष्ट खरी धरावी की नाही, याचा त्यांच्या खात्यात नियम नव्हता. अर्ध्या रस्त्यात त्यांनी ती खरी धरली, आणि घर येईपर्यंत दोनदा सोडून पुन्हा धरली.

सहापैकी चार काड्या लागल्या. पहिल्या वर्षी नुसती पाने. त्या वर्षभरात म्हातारा अधूनमधून रिक्षाने येऊ लागला. बाई त्याच्या हातात बाकीचे नंबर देत, तो बोटांनी वाचून सांगे, आणि त्या ते 'दावा' या रकान्यात लिहीत. चहा नणंदच करी. पाच नंबरचे नाव त्याच्यामुळे लागले. शाळेच्या जुन्या माळ्यानेही तेच सांगितले तेव्हा बाईंनी दोन मोसमांची अट प्रथमच सोडून ते मान्य केले. दुसऱ्या वर्षी थंडीत त्याचे येणे बंद झाले. छातीत कफ भरायचा.

थंडी सरता सरता चारही झुडपे फुलली. बाईंनी सतरा नंबरचे घोस आणि नव्या झुडपांचे घोस शेजारी शेजारी ठेवून भिंगाखाली पाहिले. पाकळ्या मोजल्या, कळीखालची पाने पाहिली, सकाळचा वास आणि दुपारचा वास घेतला. नणंदेला डोळे मिटायला लावून तिच्याही नाकाची साक्ष काढली. एकच होता. त्याच संध्याकाळी त्या दोन्हीकडचा एकेक घोस घेऊन नर्सरीत गेल्या. म्हातारा खाटेवर उशीला टेकून होता. त्यांनी दोन्ही घोस त्याच्या दोन हातांत दिले आणि कुठला कुठला ते सांगितले नाही.

त्याने दोन्ही हुंगले. "यात फरक नाही," तो म्हणाला.

"नाही," बाई म्हणाल्या. "खुंटच आहे."

"लिहा मग." त्याने घोस छातीवर ठेवले. "माझं नाव नका देऊ त्याला. मी फक्त कापला. मला तो माझ्या वस्तादाकडून मिळाला, वस्तादाला वीटभट्टीच्या जुन्या कुंपणावर. त्याच्या पलीकडचं मला माहीत नाही."

तो त्या उन्हाळ्यात गेला. मुलाने नर्सरीच्या मागचा वाफा त्या वर्षी कापला नाही. का ते त्याने सांगितले नाही आणि बाईंनीही विचारले नाही. पुढच्या वर्षी टाकीमागच्या रस्त्यावरून जाणारे लोक थांबून विचारू लागले, हा कुठला गुलाब म्हणून. तो 'खुंट' सांगायचा आणि लोकांना वाटायचे चेष्टा करतोय.

बाईंनी वहीत सतरा नंबरपुढे दावा लिहिला, पुरावा लिहिला. संशयाच्या रकान्यात 'मूळ?' एवढेच लिहून त्या दोन महिने बेचैन राहिल्या. शेवटी एके दिवशी सकाळी त्यांनी त्या मुलाला निरोप धाडला आणि दोघे बस पकडून वीटभट्टीवर गेले. त्याच्यावर त्यांचा पूर्ण विश्वास बसला होता असे नाही, पण त्याला रस्ता माहीत होता.

भट्टी थंड पडलेली होती. कुंपणाच्या जागी सिमेंटची भिंत. तिथल्या खोलीत राहणारी एक बाई बाहेर आली. गुलाबाचे विचारल्यावर म्हणाली, होता की, फार पसरला होता, पोरांना ओरखडे निघायचे म्हणून जाळून टाकला.

मुलाने निःश्वास सोडला. काटेबाईंनी पर्समधून पेन काढले.

"कधी जाळला?"

"झाली असतील की दहा वर्षं."

"दहा की बारा?" काटेबाई म्हणाल्या. "आणि जाळायच्या आधी त्याची काडी कुणी मागून नेली होती का, जरा आठवून सांगा."